कंडक्टिव्ह आणि मिश्र बहिरेपणासाठी कोणतं साधन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा कान वर्षानुवर्षं वाहतो, ऑपरेशन होऊनही ज्यांना कमीच ऐकू येतं, ज्यांना ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातलं हाड घट्ट बसण्याचा आजार) आहे, किंवा ज्यांच्या बाळाच्या कानाचं छिद्र जन्मतःच तयार झालेलं नाही, त्यांच्यासाठी हे पान आहे. कानाच्या मशीनच्या दुकानात पहिला प्रश्न बहुधा 'बजेट किती?' असा येतो. या प्रकारच्या बहिरेपणात पहिला प्रश्न वेगळा हवा: तुमच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, हाडाची रेषा कुठे आहे?

कंडक्टिव्ह आणि मिश्र म्हणजे नेमकं काय?

आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर येतो. पडद्यामागच्या तीन हाडांच्या साखळीतून तो आतल्या कानात, म्हणजे कॉक्लियात पोचतो. पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी, झिजलेली किंवा घट्ट बसलेली हाडं, बंद नळी यांपैकी काहीही असलं तरी आवाज वाटेतच अडतो. हा कंडक्टिव्ह दोष. कॉक्लिया किंवा नस कमजोर असेल तर तो सेन्सरीन्यूरल, आणि दोन्ही एकत्र असतील तर मिश्र. फक्त वाट अडलेली असेल तर नुकसान साधारण ६० डेसिबलच्या पुढे जात नाही, कारण त्यानंतर आवाज कवटीतून आपोआप आत पोचू लागतो. हाडावर बसणारी साधनं याच वाटेचा उपयोग करतात.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं?

ऑडिओग्रामवर प्रत्येक कानाच्या दोन रेषा असतात. हेडफोन लावून घेतलेली ती हवेची रेषा: उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. कानामागच्या हाडावर छोटं कंपक ठेवून घेतलेली ती हाडाची रेषा. तिच्या खुणा कोनासारख्या किंवा चौकटी कंसासारख्या असतात. दोन रेषांमधल्या अंतराला सगळे 'एअर-बोन गॅप' किंवा नुसतं 'गॅप' म्हणतात. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवरचे आकडे घ्या, बेरीज करून चाराने भागा. हे दोन्ही रेषांसाठी वेगवेगळं करा.

तीन नमुने पाहा.

पहिला: हवा ६०, हाड १०. गॅप ५०. कॉक्लिया ठणठणीत, दोष फक्त वाटेत.

दुसरा: हवा ७५, हाड ३५. गॅप ४०. मिश्र, आणि वाटेचा वाटा मोठा.

तिसरा: हवा ७०, हाड ५५. गॅप १५. हाही मिश्रच, पण खरा दोष आत आहे.

तिघांनाही दुकानात 'तुम्हाला पॉवरफुल मशीन लागेल' असंच सांगितलं जाण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तिसऱ्याला कानामागचं ताकदीचं मशीन योग्य, तर पहिल्या दोघांचा विचार हाडमार्गी साधनापासून सुरू व्हायला हवा. ढोबळ नियम असा: गॅप ३० ते ३५ डेसिबलच्या वर गेला की हाडावरचं साधन बहुधा कानातल्या मशीनपेक्षा सरस ठरतं.

कारण सरळ आहे. वाटेत जेवढा आवाज खाल्ला जातो तो कानातल्या मशीनला जवळजवळ सगळा भरून द्यावा लागतो, आणि वर कॉक्लियाची कमतरताही भरावी लागते. एवढा जोर लावला की मशीन शिट्टी मारतं, आवाज फाटतो. हाडावरचं साधन ती वाटच टाळतं. दुसऱ्या नमुन्यात त्याला ७५ चं नव्हे, ३५ चंच काम करायचं असतं.

हाडाच्या चाचणीत 'मास्किंग' झालं का, हे विचारायला का सांगतात?

कारण त्याशिवाय हाडाची रेषा फसवी असू शकते. हेडफोनमधला आवाज दुसऱ्या कानापर्यंत जाताना साधारण ४० डेसिबलने कमी होतो. कवटीच्या कंपनाचं तसं नाही. उजव्या कानामागे दिलेलं कंपन जवळपास तेवढ्याच जोराने डाव्या कॉक्लियालाही पोचतं. म्हणून चाचणी चालू असताना दुसऱ्या कानात खळखळ आवाज देऊन त्याला गुंतवून ठेवतात. हे केलं नाही, तर पूर्ण निकामी कानही 'कंडक्टिव्ह' दिसतो आणि त्यावर विनाकारण ऑपरेशन किंवा साधन सुचवलं जातं. रिपोर्टवर मास्क केलेल्या खुणा वेगळ्या असतात. त्या कुठल्या, हे ऑडिओलॉजिस्टला दाखवायला सांगा.

आधी ऑपरेशन की आधी साधन?

हे कान-नाक-घसा तज्ज्ञ ठरवतात, आणि त्यांच्याकडे गेल्याशिवाय साधन घेऊच नये. पडद्याचं भोक बुजवता येतं, ओटोस्क्लेरोसिसमध्ये स्टेपीजचं, म्हणजे तिघांतल्या सर्वांत आतल्या हाडाचं, ऑपरेशन होतं, मुलांच्या कानातलं पाणी अनेकदा काही महिन्यांत आपोआप ओसरतं. एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही: कोलेस्टिटोमा. ही मधल्या कानात वाढणारी कातडीची गाठ हाड खात जाते. दुर्गंधीयुक्त, थोडा पण न थांबणारा स्राव ही तिची नेहमीची खूण. तिथे आधी कान सुरक्षित करायचा, ऐकण्याचं नंतर. चक्कर किंवा चेहरा वाकडा होणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑपरेशन नको असेल, ते करण्यासारखं नसेल किंवा होऊनही गॅप उरला असेल, तर साधन. ऑपरेशनची तारीख सहा महिन्यांनंतरची असेल, तर तोवर तात्पुरतं साधन वापरण्यात काहीच गैर नाही. शाळेतल्या मुलाचे सहा महिने फुकट घालवू नका.

साधं कानामागचं मशीन कधी पुरतं?

कान कोरडा असेल, नळी नीट असेल आणि गॅप बेताचा असेल तेव्हा. ओटोस्क्लेरोसिसमध्ये हे मशीन फार छान चालतं, कारण तिथे कान वाहत नाही आणि मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, घट्ट बसतो. तिथे हाडमार्गी इम्प्लांटची घाई करू नये.

कान वाहतो. मोल्ड घातला तर काय होतं?

घट्ट मोल्डने नळी बंद होते, आत ओल आणि ऊब साठते, आणि कान पुन्हा वाहायला लागतो. स्राव मोल्डच्या छिद्रात आणि ट्यूबमध्ये शिरतो. मशीन बंद पडल्यासारखं वाटतं, खरं तर ट्यूब तुंबलेली असते. हवेसाठी मोल्डला मोठं छिद्र पाडावं, तर गॅप भरण्यासाठी लागणारा जोर त्यातून निसटतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणजे कान कोरडा राहावा तर ऐकू कमी, आणि ऐकू यावं तर कान ओला. वर्षातून दोनतीनदा कान वाहत असेल, तर हाडावरच्या साधनाकडे वळायला तेवढं कारण पुरे आहे.

कानात लसणाचं तेल, कोमट खोबरेल किंवा मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नका. पडद्याला भोक असताना काही अँटिबायोटिक थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. तसं झालं तर हाडाची रेषाच खाली येते, आणि ती परत वर येत नाही. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन चोपडून तो कानाच्या तोंडाशी बसवा.

मोल्डचं माप घेताना काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि इथेच मोठी इजा होऊ शकते. माप घेण्यासाठी कानात मऊ सिलिकॉन पिचकारीने भरतात. काही मिनिटांत ते रबरासारखं घट्ट होतं. त्याआधी नळीत खोल, दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा बसवावाच लागतो. तो नसेल किंवा लहान पडला, तर सिलिकॉन पडद्याच्या भोकातून मधल्या कानात जातं आणि हाडांभोवती घट्ट होतं. मग ते ऑपरेशन करूनच काढावं लागतं.

मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालेल्या कानात धोका आणखी मोठा. तिथे नळीच्या आत मोठी पोकळी असते आणि तोंड अरुंद. आत फुगून घट्ट झालेलं सिलिकॉन त्या तोंडातून बाहेर येत नाही. अशा कानाचं माप कान-नाक-घसा तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतील तिथेच द्या. माप घेणाऱ्याने आधी ओटोस्कोपने कानात पाहिलं नाही, तर सरळ उठा.

हाडावरून ऐकवणाऱ्या साधनांचे प्रकार कोणते?

ऑपरेशन न लागणारी साधनं आधी पाहू. जुना प्रकार स्टीलच्या हेडबँडचा: कानामागे कंपक घट्ट दाबून बसतो. तो स्वस्त आहे, पण दिवसभर दाबाने डोकं दुखतं आणि कातडी लाल होते. मऊ पट्टा, म्हणजे सॉफ्टबँड, लहान मुलांसाठी उत्तम. तिसरा प्रकार चिकटपट्टीचा, उदाहरणार्थ मेड-एल कंपनीचं अ‍ॅडहिअर. कानामागच्या केस नसलेल्या जागी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर प्रोसेसर, म्हणजे आवाज उचलणारा बाहेरचा भाग, खटकन बसवायचा. दाब अजिबात नाही. पट्टी साधारण तीन ते सात दिवस टिकते. कोकणातल्या दमट हवेत तीन दिवसच धरून चाला. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. आदल्या रात्री डोक्याला तेल लावलं असेल तर पट्टी सकाळच्या शाळेपर्यंतही टिकत नाही.

या तिन्हींची मर्यादा एकच: मध्ये कातडी आहे. कातडी कंपन शोषून घेते आणि उंच स्वरांना जास्त फटका बसतो. 'स', 'श', 'त', 'च' हे उच्चार पुसट होतात. 'सात' आणि 'हात' यांत गल्लत होते.

ऑपरेशनच्या साधनांत सर्वांत जुनं तंत्र कातडीतून बाहेर येणाऱ्या टायटॅनियमच्या खुंटीचं. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॅनेमार्क यांनी दाखवलं. त्याच तत्त्वावर १९७७ मध्ये गॉथेनबर्गला अँडर्स ट्येलस्ट्रॉम यांनी पहिल्या रुग्णांना अशी साधनं बसवली. आज कॉक्लियर कंपनीचं बाहा कनेक्ट आणि ऑटिकॉन मेडिकलचं पॉन्टो या घराण्यातली. हाडात ३ ते ४ मिलिमीटरचा स्क्रू, त्यावर कातडीच्या जाडीनुसार लांबीची खुंटी, तिच्यावर प्रोसेसर. कंपन थेट हाडात जात असल्याने आवाज स्वच्छ आणि जोरदार. पण खुंटीभोवतीची कातडी रोज स्वच्छ ठेवावी लागते.

दुसरं घराणं कातडीखाली पूर्ण झाकलेल्या इम्प्लांटचं. यात कंपकच आत असतो आणि बाहेरचा प्रोसेसर चुंबकाने चिकटतो. मेड-एलचं बोनब्रिज, कॉक्लियरचं ओसिया, ऑटिकॉन मेडिकलचं सेंटिओ ही यातली नावं. कंपन कातडीतून जात नसल्याने उंच स्वर टिकतात, आणि बाहेर खुंटी नसल्याने जखमेची कटकट नाही. बोनब्रिजमध्ये विद्युतचुंबकीय कंपक, ओसियामध्ये पिझो, म्हणजे विजेने थरथरणारा, स्फटिक. बोनब्रिजला हाडात जागा कोरावी लागते म्हणून आधी सीटी स्कॅन अत्यावश्यक. विशेषतः जुन्या मॅस्टॉइड ऑपरेशननंतर जागा कमी उरलेली असते.

निष्क्रिय चुंबकाची साधनं, जसं बाहा अ‍ॅट्रॅक्ट किंवा सोफोनो, यांत कंपक बाहेर आणि आत फक्त चुंबक. कंपन पुन्हा कातडीतूनच जातं, त्यासाठी दाब वाढवावा लागतो. जुनं बसवलेलं असेल आणि नीट चालत असेल तर ते बदलण्याचं कारण नाही. नव्याने निवडताना ते आमच्या यादीत शेवटी राहील.

व्हायब्रंट साउंडब्रिज वेगळ्या वाटेचं आहे. त्याचा सुमारे २५ मिलिग्रॅम वजनाचा कंपक मधल्या कानाच्या हाडावर किंवा कॉक्लियाच्या गोल खिडकीच्या पडद्यावर बसवतात. हाडाची रेषा बरीच खाली गेलेल्या मिश्र दोषात तो उपयोगी, पण हे ऑपरेशन नाजूक आणि अनुभवी हातांचं काम.

माझ्या रेषेला कोणतं पुरेल?

हाडाच्या रेषेच्या सरासरीवर कंपन्यांनी दिलेल्या मर्यादा अशा: अ‍ॅडहिअर २५ डेसिबलपर्यंत. बोनब्रिज ४५ पर्यंत. ओसिया आणि बाहा ६ मॅक्स ५५ पर्यंत. खुंटीवरचे सुपरपॉवर प्रोसेसर ६५ पर्यंत.

या मर्यादेच्या अगदी काठावर बसू नका. साधनाचा कमाल जोर ठरलेला असतो. तुमची रेषा त्या काठाजवळ असेल, तर हळू बोलणं ऐकू येतं, पण मोठा आवाज आला की साधन गुदमरतं आणि सगळे आवाज एकाच पट्टीत चेपले जातात. शिवाय रेषा वयाबरोबर खाली येते, आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात ती लवकर येऊ शकते. पन्नाशीत रेषा ४० वर असेल, तर ४५ ची मर्यादा असलेलं इम्प्लांट घेणं आम्हाला पटत नाही. बाहेरचा प्रोसेसर बदलता येतो, आतला कंपक बदलायचा म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

कंपन दोन्ही कॉक्लियांना पोचतं, मग दोन साधनं कशाला?

शांत खोलीत समोरासमोर बोलायला एक पुरतं. पण आवाज कुठून आला हे कळायला आणि वर्गातल्या किंवा लग्नाच्या हॉलच्या गोंगाटात बोलणं वेगळं काढायला दोन साधनांचा फरक जाणवतो. दोन्ही हाडाच्या रेषा साधारण सारख्या असतील तर दोन घेणं सार्थ. एकच परवडत असेल, तर सहसा चांगल्या हाडाच्या रेषेच्या बाजूला लावतात.

बाळाच्या दोन्ही कानांना छिद्र नाही. किती वर्षं थांबायचं?

एकही वर्ष नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत साधन, हा जगभर मानला जाणारा क्रम. निदानासाठी नेहमीची बेरा (आवाजाला नसेचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) पुरत नाही, हाडमार्गी बेराही हवी. ती झाली की सॉफ्टबँड लगेच. इम्प्लांटसाठी कवटीचं हाड पुरेसं जाड व्हावं लागतं, म्हणून साधारण पाच वर्षांपर्यंत थांबतात. भाषा मात्र तोवर थांबत नाही.

पट्टा इतकाच आवळा की त्याखाली एक बोट सहज जाईल. प्रोसेसरची जागा दिवसातून काही वेळा सरकवा. बाळ उताणं झोपलं की प्रोसेसर उशीला लागून शिट्टी मारतो. पट्टा फिरवून तो वरच्या बाजूला आणा. बॅटरीच्या खणाला कुलूप असलेलाच प्रोसेसर घ्या. बाळाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालयात न्या.

बाहेरचा कान पुढे शस्त्रक्रियेने घडवायचा असेल, तर इम्प्लांटची जागा ठरवण्याआधी प्लास्टिक सर्जनशी बोलणं झालंच पाहिजे. चुकीच्या जागी घेतलेल्या छेदाने नव्या कानासाठी लागणारी कातडी आणि तिचा रक्तपुरवठा बिघडतो.

ऑपरेशनआधी ऐकून पाहता येतं का?

येतं, आणि त्याशिवाय होकार देऊ नका. प्रोसेसर सॉफ्टबँडवर लावून निदान आठवडाभर घरी वापरा: स्वयंपाकघरात कुकर चालू असताना, एसटी स्टँडवर, टीव्हीसमोर. घरच्यांनी तुमच्या पाठीमागे दोन मीटरवर उभं राहून 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श', 'स' हे सहा आवाज वेगवेगळ्या क्रमाने उच्चारावेत आणि तुम्ही ऐकलेला आवाज परत म्हणावा. पट्ट्यावर 'स' पुसट आला तर निराश होऊ नका, कातडीचा अडसर तिथे आहे. इम्प्लांटनंतर तो दूर होतो.

ऑनलाइन मिळणारे बोन कंडक्शन हेडफोन चालतील का?

गाणी ऐकायला चालतील. त्यांना तुमची रेषा माहीत नसते, समोरच्याचं बोलणं उचलून वाढवणं हे त्यांचं काम नाही, आणि कमाल आवाजाची मर्यादा तुमच्या कानाप्रमाणे ठरवता येत नाही. मुलाला तर देऊच नका.

इम्प्लांट असताना एमआरआय करता येतो?

येतो, पण मॉडेलनुसार. खुंटीवरचा प्रोसेसर काढून ठेवला की टायटॅनियमची अडचण नसते. बोनब्रिज १.५ टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचं माप). ओसियाच्या ओएसआय २०० या इम्प्लांटला ३ टेस्लासाठी आतलं चुंबक आधी काढावं लागतं, ओएसआय ३०० ला लागत नाही. वारंवार एमआरआय लागणारा आजार असेल तर ही बाब निवडीच्या सुरुवातीलाच सांगा. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

रोजची देखभाल कशी करायची?

खुंटीभोवती रोज आंघोळीच्या वेळी मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने हलकेच साफ करा. खपली नखाने काढू नका. प्रोसेसर काढताना सरळ ओढायचा नाही. एका कडेला बोट घालून तिरका केला की तो सुटतो. चुंबकाच्या साधनात काढल्यानंतरही कातडी बराच वेळ लाल राहत असेल किंवा दुखत असेल, तर कमी ताकदीचं चुंबक मागा. सहन करत राहिलं तर कातडी फाटते.

झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर ती एकदोन मिनिटं उघडी ठेवा, मग घाला. तिला हवा लागते. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. रंगावरून माप ओळखा: पिवळी १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळी ६७५.

जून ते सप्टेंबर रात्री प्रोसेसर बॅटरी काढून सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते बदला. तांदळात ठेवल्याने माइकच्या जाळीत पीठ जातं. दुचाकीवर हेल्मेट चढवण्याआधी प्रोसेसर काढून डबीत ठेवा. हेल्मेटखाली तो शिट्टी मारतो आणि इम्प्लांटवर दाब येतो.

खर्च आणि सरकारी मदत?

कानामागची मशीन काही हजारांपासून मिळतात, इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो. त्यात पुढचा खर्च धरायला लोक विसरतात: बॅटऱ्या, चिकटपट्ट्या, आणि काही वर्षांनी नवा प्रोसेसर. दरपत्रक लेखी घ्या आणि सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का ते विचारा.

मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण दिव्यांगजन संस्थेत तपासणी होते. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रं मिळतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे शाळेत किंवा अंगणवाडीत विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारा' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल नुकसान असलेला. शुद्ध कंडक्टिव्ह दोष ६० च्या आसपास थांबत असल्याने अनेकांना प्रमाणपत्र मिळत नाही, आणि एका कानाचा दोष तर यात बसतच नाही.

तपासणीला जाताना काय न्यायचं?

जुने सगळे ऑडिओग्राम, ऑपरेशनचा कागद, सीटी स्कॅनची सीडी आणि गेल्या वर्षात कान किती वेळा वाहिला याची तारीखवार नोंद. ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का ते पाहा. जुने ऑडिओग्राम तारखेप्रमाणे शेजारी ठेवून हाडाची रेषा तेवढीच पाहायला सांगा. ती १० डेसिबल किंवा जास्त सरकलेली दिसली, तर साधनाचं मॉडेल ठरवण्याआधी ती का सरकली हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून समजून घ्या.